शेंगदाण्याच्या तेलाचा साबण

हॉस्पिटलातून त्याची बायको गेल्याचा फोन आला, त्या दिवशी सकाळीच तिने साबण साच्यात ओतला होता. खोबरेल संपलं म्हणून शेंगदाण्याचं तेल वापरलं होतं. महिना उलटला तरी साबण लोण्यासारखा मऊच. बिघडला, आज टाकून देऊ, असं ठरवून तो विकतची वडी हातात घेऊन दुकानाच्या रांगेत उभा होता. पुढे नणंद-भावजय बोलत होत्या.

"वहिनी, झाला! माझा साबण झाला!"

"अगं हळू, दुकान डोक्यावर घेशील. तो शेंगदाण्याचा? चिखल झाला म्हणून रडत होतीस ना?"

"बिघडला नव्हताच! हे तेल आळशी आहे. खोबरेलासारखं पटकन घट्ट होत नाही."

"अगदी तुझ्या भावासारखं म्हण की."

"पण कॉस्टिक सोडा कमी घ्यायचा हं. खोबरेलाचंच माप घातलं, तर अंग सोलून निघेल."

त्याला राहवलं नाही. "ताई, महिना झाला तरी मऊ असेल तर?"

"कॉस्टिक कमी केलं होतं?"

"हो. तराजूतलं थोडं परत बरणीत टाकलं होतं. मी पाहिलं."

"मग फेकू नका, काका! साच्यात त्याला हवा कशी लागणार? वड्या कापून उघड्यावर ठेवा, मस्त होईल! कुणी केलाय?"

"बायकोने."

"मग त्यांना सांगा, मऊ आहे तोवर कापा. नंतर सुरी चालणार नाही!"

"सांगतो," तो म्हणाला.

विकतची वडी त्याने फळीवर परत ठेवली. घरी साबण अजून कापायचा आहे.