पांढरं दिसू दे

—नाही हो ताई, तुम्हीच बसा. नंबर लागेपर्यंत मला उभंच बरं. बसले की कमरेला कुलूप लागतं, मग किल्ली शोधत राहा! दुखणंच उफराटं माझं — विश्रांती घेतली की वाढतं, कामाला लागले की पळतं. सकाळी कुशीवर वळायचं तर डोळ्यांत पाणी, आणि दुपारी मी धुण्याची बादली घेऊन गच्चीवर. मग घरचे काय म्हणणार? जाऊबाईंनी तर गाणंच केलं — सकाळी आजारी, दुपारी बाजारी. हसलात ना? मीही हसले. चार वर्षं हसतेय.

एक्स-रे काढला, तर म्हणे हाडं छान आहेत. छान! ह्यांनी तो उजेडात धरून पाहिला आणि परत पाकिटात घातला — बोलले असते तर बरं झालं असतं. आता ह्या डॉक्टरीणबाई म्हणतात, कणा जिथे कमरेच्या हाडांना जुळतो, तिथले सांधे सुजले असतील, एमआरआयमध्ये सूज पांढरी दिसेल. दिसली की नेमकं औषध, व्यायाम, लागलंच तर इंजेक्शन.

सांगू का एक? मघाशी तुम्ही हात जोडलेत, तुमच्या यजमानांचं काही निघू नये म्हणून. मी नवस केलाय — पांढरं दिसू दे! चहातली साखर सोडली. आणि — सुजेच्या गोळ्याही. गोळीनं सूज झाकली गेली तर? अशा नका बघू. आत गेल्यावर सांगणार आहे मी.

पण आज सकाळी उठवेचना. तर ह्यांनी, काही न विचारता, खाली बसून माझ्या पायांत चपला सरकवल्या. ह्यांनी! मग वाटेत चहाला थांबलो, तर म्हणाले, दोन्ही बिनसाखरेचे द्या. मी म्हटलं, तुम्हाला हो कशाला? — तर मान खाली घालून, "तुझं काही निघू नये म्हणून मीही सोडली." जन्मात कधी नवस न केलेला माणूस. आता वर ऐकणारा तो एकच, आणि आमच्या मागण्या ह्या अशा उलटसुलट!

औषधासाठी दिसायला हवंच म्हणा. हो, औषधासाठी. नाहीतर ह्यांना तर चपला सरकवल्या तेव्हाच पटलेलं... मग मी कुणाला दाखवायला निघालेय हो?

माझंच नाव पुकारलं वाटतं. तुमच्या यजमानांचं स्वच्छ निघो, ताई, अगदी मनापासून. हे आले बघा काउंटरवरून — गप्प आता. साखरेचं काढू नका.