दहा वाजायच्या आत

परळीच्या त्या सायबर कॅफेत एकच कॉम्प्युटर धड चालू होता, आणि त्याच्यापुढं शांतवन मास्तर ठाण मांडून बसले होते. मास्तर सांगत होते, दुकानवाला पाशा टाइप करत होता. पोरीचा निकाल बघायला आलेली कावेरी मागं खोळंबून ऐकत होती.

“लिही. भावांनो, बहिणींनो, हातातलं काम सोडा आणि प्रार्थना करा.”

“मास्तर, कालबी हेच टाकलं इंटरनेटवर.”

“काल जेवलास म्हणून आज जेवायचा न्हाईस का?”

“बरं, कुणासाठी करायची?”

“आज दहा वाजता एका बहिणीचं ऑपरेशन हाय, तिच्यासाठी.”

“आटपा की मास्तर,” कावेरी वैतागली. “जगाला प्रार्थनेला बसवाल, अन् आमी हितं उभ्याच!”

“झालंच ताई. पाशा, पाठव.”

तेवढ्यात वीज गेली.

“बोंबला! सगळं गेलं मास्तर. आख्ख्या राज्याला वीज देतं आपलं गाव, अन् हितंच अंधार!”

“कवा येईल?”

“दोन तास तरी न्हाई. कोण हो ही बहीण?”

“आमच्या घरातली. पलीकडच्या दवाखान्यात हाय.”

“बायकोला बहीण लिवलं व्हय?”

“वाचणाऱ्याची बहीणच की.”

“अन् तुमी हितं कावून?”

“तिनंच धाडलं. म्हणली, दारात बसून रडण्यापरीस चार माणसायला सांगा.”

कावेरीनं डोक्यावर पदर घेतला.

“नाव काय त्यांचं? मला आपलं वैजनाथालाच सांगता येतं बघा.”

“रूथ. सांगा ताई, पण जरा लवकर सांगा, दहा वाजत आले.”