पाच किलोचा नवस

नाय नाय, विहीणबाई, तुम्ही खुर्चीवरच बसा — मी बसते की पलंगावर. खाली नकोच, आमच्या घरात दोन महिन्यांपासून खाली कुणी बसतच नाय. व्हय, तेच विचारायला आलात ना तुम्ही? एवढ्या उन्हाचं, वेरूळहून, ही नारळाची पिशवी घेऊन — की हा नवस तरी कोणता? बरोबर आहे तुमचं. देवळासमोर तुमचं बेलफुलाचं दुकान, तीस वर्षं झाली, नाना तऱ्हेचे नवस पाहिले तुम्ही — पण पाच किलोच्या वर काही उचलायचं नाय, आसा नवस घृष्णेश्वराला कुणी बोललेलं ऐकलं नाय. कुठून ऐकणार? खुद्द देवालाच माहीत नाय तो. म्हणजे — तसं नव्हं हो. बसा तर आधी. पाणी घ्या. नको? बरं, राहू द्या.

आधी एक कबूल करा, सायलीवर राग धरायचा नाय. लेकरू चार महिन्यांचं तिचं, आणि तिनं तुमच्या दुकानातलं नारळाचं पोतं उचलायला नाय म्हणलं — आईनं माझ्यासाठी नवस बोललाय, म्हणाली — ते मीच पढवलेलं. फोनवर. ती तर म्हणत होती, आई, सासूबाईंना खरं वाटायचं नाय. तरी मी दोनदा घोकून घेतलं तिच्याकडून. चुकलं माझं. पण ह्या नवसाला सुरुवात काय मी नाय केली. आमच्या ह्यांनी केली. तीबी ठरवून नव्हं — तोंड उघडलं आणि आत जे होतं ते बाहेर पडलं.

आमच्या गल्लीचं तुम्हाला माहीतच आहे, आठ दिवसाला नळ. त्या दिवशी सगळी गल्ली एका पायावर उभी. आणि हंडा उचलणारी म्हणून इथं माझं नाव, हं — मनकर्णाबाई म्हणजे डोक्यावर एक, कमरेवर एक आणि हातात बादली, लग्न होऊन आले तेव्हापासनं. आणि त्या दिवशी बाया बघतात काय — मी दारात खुर्ची टाकून बसलेली, आणि आमचे हे हंडा उचलायलेत! कंपनीत तीस वर्षं मशीन चालवली, पण हंडा कमरेवर घ्यायचा का पोटावर, ते काय उमगेना. अर्धा हंडा पायजम्यात. समोरच्या सुलेखाला दम निघतो का? काय हो कडुबामामा, मामींना काय झालं? हे पायजमा पिळायलेत. नुसता घाम. मग म्हणले, नवस आहे तिचा. कुणाचा? घृष्णेश्वराचा! आता शहरात देवांची काय वाण आहे का? पण लेकीची सासुरवाडी जिथं, नेमका तिथलाच देव आठवला माणसाला. कसला नवस? उचलायचं नाय. काय उचलायचं नाय? तर म्हणतात, पाच किलोच्या वर. मला सांगा, देव कधी किलोत बोलतो का? दवाखान्याच्या कागदावरचं वाचून वाचून पाठ झालेलं, तेच आलं तोंडात.

दवाखान्याच्या? मी दवाखान्याच्या म्हणले का? — जीभ आहे, घसरती. थांबा, चहा टाकायला सांगते. चहाबी नको? एवढ्या लांबनं आलेलं माणूस, घोटभर काही घेईना. बरं.

तर नवस पसरला ना. पुढच्या नळाला सुलेखानं धरला. त्याच्या पुढच्या नळाला सात बाया दारात खुर्च्या टाकून, आणि सात गडी पाण्याला. गल्लीतल्या गड्यांनी आमच्या ह्यांच्याशी बोलणं टाकलंय, विहीणबाई, रामराम घालीत नायत. सुलेखाचा नवरा तर तोंडावर म्हणला, मामा, देव ठेवा पण नवस आवरा. आणि मी दिवसातनं तीनदा डोळे मिटून बसते, दहापर्यंत मोजते, सोडते, परत मोजते — व्यायाम आहे हो तो, आतल्या आत आवळून धरायचं, लघवी रोखून धरल्यावानी — तर बायांना वाटलं, मामी जप करायल्यात. एक दिवस मी सातवर होते, आणि सुलेखानं गुपचूप येऊन पायावर डोकं ठेवलं. दचकले, सुटलं की सगळं! पुन्हा एकपासनं.

कसला व्यायाम? गुडघ्याचा. गुडघ्याचा आहे तो. लघवीचा आणि गुडघ्याचा काय संबंध? आता माझ्या वयाला सगळ्याचा सगळ्याशी संबंध आसतो, विहीणबाई.

आणि तुमचा खरा राग कशाचा आहे, तेबी मला ठाऊक आहे. सायली नातवाला घेऊन आली तेव्हा आजीनं त्याला उचलून घेतलं नाय — हेच ना? तुमच्या कानावर गेलं आसंल. अहो, आमच्या ह्यांनी भाजीवाल्याकडनं लटकवायचा काटा आणलाय. घरातली एकूणएक वस्तू तोलून झाली — भरलेला कुकर, पिळलेली चादर, दळणाचा डबा — आणि वर खडूनं आकडा. तिकडं बघा, देवघराच्या फळीवरबी आहे, गंगाजलाच्या कॅनवर. तर सायली दारात आली, मी हात पुढं केले, लेकरू माझ्याकडं बघून हसलं, आणि हे मधी — काटा घेऊन. झोळी केली, त्यात लेकराला घातलं, लटकवलं. साडेसहा! दीड किलोनं हुकलं माझं. पलंगावर बसले तेव्हा कुठं मांडीवर दिलं. त्या वेळी हसले मी, पण ती गेल्यावर लई रडले. स्वतःचं नातवंड, आणि घ्यायचं तर काट्याला विचारून.

काय झालं? शिंक आली? येऊ द्या, येऊ द्या —

हां.

बघितलं मी. नाय, आता पदर सारखा करू नका, बघितलं मी. आधी पायाला पाय आवळला, मग खुर्चीचा दांडा धरला, आणि मग शिंकलात. आल्यापासनं दोनदा मोरीत जाऊन आलात. पाणी नको, चहा नको. बसलात तेबी एका अंगावर, उठताना हात पोटाखाली. मी आपली बोलतच सुटले, आणि समोर हे. विहीणबाई — किती वर्षं झाली?

कशाला काय विचारता? मला नका सांगू सर्दीची शिंक. आठ वर्षं मी तशीच शिंकले — आधी पाय, मग नाक.

बरं, तुम्ही नका सांगू. मी सांगते. गुडघा-बिडघा काय नाय. माझं अंग बाहेर येत होतं. घ्या, म्हणलं एकदाचं! बायकांचं येतं ते — पिशवी खाली उतरलेली. धाकट्याच्या बाळंतपणात बाराव्या दिवशी सासूनं हंडा दिला हातात, तेव्हापासनं जड जड वाटायचं. मग पन्नाशी आली आणि ते उतरलंच. सकाळी बरं आसायचं, संध्याकाळ झाली की लिंबाएवढं काही तरी बाहेर. आत ढकलायचं, कपड्याची घडी लावायची, की पुन्हा हंडा उचलायला मोकळी. लग्नाला गेले तर दाराजवळची जागा. बसमधी जागा आसली तरी उभी. सायलीच्या लग्नात तुमच्याकडच्या बायांच्या ओट्या भरल्या ना मी? एकेकीची भरताना मनात देवाचा धावा — ही ओटी होऊ दे, आता पुढची होऊ दे. तुम्ही म्हणलात, विहीणबाई किती भावुक झाल्यात, डोळ्यात पाणी आलंय. भावुक कशाची? जीव चालला होता माझा.

आणि कुणाला सांगितलं? कुणालाच नाय. ह्यांनासुद्धा नाय. गुडघे दुखतात म्हणून वेगळी झोपायला लागले, पार भिंतीकडं. तर हे काय समजले माहीत आहे का? माझ्या भावाच्या वास्तुशांतीला हे आले नव्हते, त्याचा राग! तेव्हापासनं रोज सकाळी उठून मला चहा करून द्यायचे. रोज. आठ वर्षं. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस सुधारला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी सगळं सांगितलं, तर मटकन खाली बसले. म्हणले, म्हणजे तू रागावली नव्हतीस? म्हणलं, नाय हो. तर म्हणतात कसे — मग आठ वर्षं चहा मी उगाच केला! आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. मीबी. एवढा जवळचा माणूस, विहीणबाई, आणि एका घरात राहून त्याला मी आठ वर्षं गुन्हेगार करून ठेवलं. माझ्या लाजेपायी. ह्याचं मला दुखण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

व्हय, ऑपरेशन. आता लपवून काय करू? फहमिदानं नेलं मला — शेजारची हो, ब्लाउज शिवती ती. जुन्या सुती कापडाच्या एवढ्या घड्या ही बाई शिवून घेती, ह्या वयात, कशाला? तिच्या डोक्यात आलं. दार लावलं आणि म्हणली, क्या मामी, कित्ते साल से? मी रडायला लागले तर म्हणली, रोते कायको? मैं तो सात साल पहले रफू करा ली. रफू! मी रडत होते तशीच हसले. दुसऱ्याच दिवशी रिक्षात घालून मॅडमकडं नेलं. बाई डॉक्टर आहेत, हळू बोलतात. त्यांनी तपासलं, आणि त्यांना जराबी नवल वाटलं नाय! मी आठ वर्षं ज्याच्यासाठी मरत होते ते त्यांनी सर्दी-पडसं आसल्यावानी कागदावर लिहिलं. बाहेर बाकावर पाहिलं तर निम्म्या बाया माझ्यासारख्या एका अंगावर बसलेल्या.

दुखलं का? दुखलं. खोटं नाय सांगत. खालनंच केलं सगळं, पोटावर काप नाय. पिशवी काढली, आत टाके घातले, लघवीला नळी. चार दिवसांनी घरी आले. पहिल्यांदा संडासला बसले तेव्हा वाटलं, फहमिदाचा रफू उसवला! तेव्हापासनं इसबगोल घेते रोज, अगदी तीर्थ घेतल्यावानी. कमोडची खुर्ची आणली ह्यांनी, सुलेखानं विचारलं, नवसाला ही कशाला? तर हे म्हणले, आसन आहे. तिनं नमस्कार केला हो त्याला! मी आतनं ओरडणार, तवर केला. आणि मॅडमनी सांगितलं, सहा आठवडे जड काही उचलायचं नाय, सव्वा महिन्याच्या व्रतावानीच की — म्हणून तर ह्यांच्या डोक्यात नवस आला आसंल. पुढं मॅडमनी तीन महिने सांगितले, नवसबी वाढला. पण परवा, विहीणबाई, परवा मी शिंकले. दारात उभी राहून. पाय लांब ठेवून. मोठ्यांदा! काय झालं नाय. सुलेखा म्हणली, मामी, काय झालं? म्हणलं, प्रसाद मिळाला.

आता सायलीचं. तिला काय झालेलं नाय अजून. म्हणूनच. तुम्हीबी बाराव्या दिवशी उचललं आसंल, तुमच्या सासूनं लावलं आसंल, माझ्या सासूनं मला लावलं. तुम्ही वाईट नाय, मला माहीत आहे, तुम्ही तिला डिंकाचे लाडू घातलेत. पण पोतं नका देऊ. मला खरं सांगायची लाज वाटली, म्हणून देवाला मधी घातलं. तुम्हाला कळलं तर लेकीला जन्माचं ऐकून घ्यावं लागंल, ह्याच भीतीनं लपवलं — सायलीच्या आईला आसलं दुखणं, मग सायलीला काय — आता सांगितलं. आता तुम्ही वेरूळभर सांगा, दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगा. पण माझ्या लेकीला —

रडू नका. अहो, रडू नका ना. किती?

बारा? बारा वर्षं? आणि पोती उचलीत? अगं बाई —

नाय, व्याह्यांना कशाला सांगताय आज, सावकाश सांगा. चहा करायला लागतील, एवढंच. आणि सगळ्यांना ऑपरेशनच लागतं आसं काय नाय, कुणाचं नुसत्या व्यायामानं भागतं, कुणाला आतनं रिंग बसवतात, ते मॅडम बघून सांगतील. उद्या बुधवार, उद्या बसतात त्या. आज इथंच राहायचं. घरी काय सांगायचं? सांगा, विहिणीच्या नवसाचं उद्यापन आहे, सवाष्ण म्हणून ठेवून घेतलंय. फहमिदाला मी आत्ता हाक मारते. आणि पाणी प्या आधी, पोटभर प्या, मोरी काय लांब नाय आणि इथं कुणी मोजत नाय.

कुठं निघालात? मोरीत? जा की. — अहो, ती नारळाची पिशवी कशाला घेता? देवापुढं ठेवायची? राहू द्या, देव थांबंल. खाली ठेवा. विहीणबाई, खाली ठेवा म्हणते ना! — अहो, ऐकलं का? जरा आत या. काटा नको, काटा राहू द्या! नुसते या, आणि ही पिशवी उचला. विहीणबाईंनीबी नवस धरलाय आजपासनं.