तीन नावांची खानावळ

प्रतिक्षा : …म्हणून सांगते आई, इंटरनेटवर आपली खानावळ तीन ठिकाणी आहे आणि तिन्हीकडं नाव वेगळं. एकीकडं ‘आमची खानावळ’, दुसरीकडं ‘समर्थच्या आबांची खानावळ’, तिसरीकडं नुसतं ‘मासे, भिगवण’.

गोजरबाई : मग काय झालं? पत्ता तर एकच हाय.

प्रतिक्षा : पाटीवर ‘म्हस्कू खानावळ’ आहे. लोक तेच टाकून शोधतात, आणि काही सापडत नाही. काल बारामतीची मंडळी तशीच पुढं गेली, दुसऱ्याकडं जेवली. ही नावं दिली कुणी?

गोजरबाई : माहिती भरणारी पोरं यायची. मावशी, खानावळ कुणाची? मी आपली सांगायची, आमचीच हाय. लईच खोदून विचारलं तर पोराचं नाव लावून, समर्थच्या आबांची. एकानं कटाळून नुसतं मासे लिवलं आसंल.

प्रतिक्षा : पाटीवरचं सांगायचं ना.

गोजरबाई : नवऱ्याचं नाव घिऊ व्हय, परक्या पोरांपुढं? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच.

म्हस्कू : मला आजून ‘अवो’च म्हणती ती. खानावळीचं काय घिऊन बसलीस?

गोजरबाई : तुमी चिलापीचं कालवण बघा, खाली लागंल.

प्रतिक्षा : आबा, हसू नका. पूल झाल्यापासून पाटी वरून दिसत नाही. फोनवर दिसलो तरच गाडी खाली उतरणार. असंच राहिलं तर दिवाळीनंतर बंद करावं लागेल.

गोजरबाई : बंदबिंद काय व्हायचं न्हाय. हात भाजून उभी केलीया मी ही खानावळ. काय करायचं ते सांग.

प्रतिक्षा : दोन ठिकाणचं मी दुरुस्त केलं. तिसरीकडं नंबर तुझा आहे. आत्ता त्यांचा फोन येईल, नाव तू सांगायचं.

गोजरबाई : तूच सांग की.

प्रतिक्षा : सकाळी सांगितलं. म्हणाले, फोन मालकिणीलाच द्या.

म्हस्कू : मी भाईर जातो. माझ्यापुढं तिला जड जाईल.

गोजरबाई : कुठं जाऊ नका, हितंच बसा. तुमच्या माघारी घ्यायला मी काय चोरी करती?

(फोन वाजतो.)

गोजरबाई : हॅलो. व्हय, मीच मालकीण. भिगवण, पुलाखाली… नाव? लिवा. म्हस्कू खानावळ. न्हाय, दुसरं काय बी ठिवू नका. म्हस्कू. व्हय, बराबर.

प्रतिक्षा : झालं, आई.

गोजरबाई : मग आता भात चढवा. माणसं येत्याल.

म्हस्कू : चढवतो. तुझ्या तोंडनं नाव ऐकून बरं वाटलं.

गोजरबाई : ऐका आता रोज. इचारंल त्याला हेच सांगणार हाय मी.