पांढऱ्या उंदरांचं घर

गांधीबागेत नंदनवनच्या बसच्या रांगेत सुमतीबाई उभ्या होत्या. ब्लाउजपीस मापताना त्यांना बोटभर कापडही जास्त न सोडणारे दुकानदार नत्थूजी त्यांच्याच पुढे, काखेत तारेची जाळी घेऊन उभे होते. शेजारचे भैयाजी त्यांना खोदून खोदून विचारत होते.

"जाळी काहून घेतली गा, नत्थूजी?"

"नातीनं पांढरे उंदीर पाळले. त्यायच्या घराले झाकण कराचं आहे."

"उंदीर? अन् तुमच्या घरी? जन्मभर दुकानात सापळे लावून राहिले तुम्ही!"

"ते काळे. हे वेगळे."

"मंग पोपटाचा पिंजरा घ्या ना."

"त्याच्या सळ्या फाकल्या असतात. पिल्लू बाहेर सटकते अन् मांजरीचा पंजा आत जाते."

"लाकडाची पेटी?"

"कुरतडतीन."

"मंग ठेवले कशात?"

"दुकानातलं काचेचं शोकेस नेलं घरी."

"अन् त्यातल्या साड्या?"

"आहेत उघड्या फळीवर."

"म्हणजे काळ्यायची दिवाळी!"

"नात खुश आहे ना गा."

"खाली भुसा टाकला असन."

"टोचते त्यायले." नत्थूजींचा आवाज एकदम खाली आला. "मलमल अंथरली."

"जुनी?"

"कोऱ्या ताग्यातली फाडली."

"किती?"

"मापली नाही गा."