गिरणीचे शेअर

"दुसऱ्याचं बरं बघून जळंल, तो पिराजी न्हवं!"

सलूनच्या बाकावर बसलेले नृसिंह मास्तर पिराजीचं हे बोलणं कौतुकानं ऐकू लागले. पिराजी खुर्चीत बसलेल्या, शेजारच्या घरातल्या तात्याकडं वळला.

"तात्या, मी तुला इकलेल्या गिरणीच्या शेअरांचा भाव काय?"

"दुप्पट झालाय की."

"दुप्पट? मग परत दे मला. दुप्पट पैसे देतो."

"तूच तर घाईनं इकलेस. आता का पाहिजेत?"

"तुझ्याकडं हाईत म्हणून!"

"पैसे कुठनं आणणार? सिनेमा कंपनीचे शेअर इकशील?"

"ते पडल्यात. तोट्यात इकायला मी काय खुळा हाय?"

"मग ऱ्हाऊ दे. मी न्हाय देत."

"डिव्हिडंडातनं रेडिओ घेतलास म्हणं."

"व्हय."

पिराजीनं मान चोळली.

"तेवढा खिडकीत ठेव की. भिंतीला कान लावून मान अवघडली."