नामपल्ली स्टेशनचा आवाज

इंदुताई : नक्को, ज्योती. ह्यांना स्टेजवर उभं करू नको. तुमच्या हॉस्पिटलच्या मासिकात फोटो छाप, माझी ना नाही.

ज्योती : काकू, फोटो तर छापूच. पण रविवारी जामबागच्या शाळेत आपल्या मराठी मंडळींसाठी शिबिर आहे. पक्षाघात कसा ओळखायचा हे मी सांगायला लागले, की लोक मोबाइल काढतात. काकांना स्वतःला झालाय, त्यांचं ऐकतील.

इंदुताई : अगं, सांगणार कसे? पुतण्याच्या साखरपुड्यात कुणी विचारलं, बरे आहात ना? 'बरा' एवढा शब्द काही केल्या येईना. सगळे तोंडाकडे बघत बसले, हे घामाघूम. त्यानंतर आठवडाभर माणूस बोलला नाही. परत तसं झालं तर कायमचे गप्प होतील. मला तेवढीच भीती आहे.

ज्योती : काका, तुमचं काय म्हणणं?

हिम्मतराव : मी... मी ते... डब्बा.

इंदुताई : बघ. अडलं की सगळं डब्बा. परवा तुमच्या डॉक्टरांना पण डब्बा म्हणाले.

ज्योती : त्यांना चालतं. पण भाग्यलक्ष्मी मॅडम सांगत होत्या, बोलण्याच्या व्यायामात काका अख्खी वाक्यं बोलतात.

इंदुताई : हौ, ती बाई हुशार. विचारलं, साहेब नोकरी काय करायचे? म्हटलं, नामपल्ली स्टेशनवर अनाउन्सर. मशीन येईपर्यंत ह्यांचाच आवाज होता. ती म्हणाली, मग बोला ना साहेब. आणि हे सुरूच झाले, 'यात्रीगण कृपया ध्यान दें, हुसेनसागर एक्सप्रेस...' कुठ्ठे अडले नाहीत. मी तिथंच रडायला लागले.

ज्योती : वर्षानुवर्षं घोकलेलं असतं ना, ते बऱ्याचदा शाबूत राहतं.

इंदुताई : तेच म्हणाली ती. तेव्हापासून आमच्या घराचं स्टेशन झालंय. अहो, हिला दाखवा. चहा घेणार?

हिम्मतराव : कृपया ध्यान द्या. चहा... थोड्याच वेळात... स्वयंपाकघरातून... येत आहे.

ज्योती : काका, कमाल केलीत.

इंदुताई : अगं, मेहनत किती. सकाळी उठून आरशासमोर बसतात. एक 'भात' शब्द यायला महिना गेला. मी चिडायची, हे चिडले नाहीत. इतकी वर्षं संसार केला, पण ह्यांच्यात एवढी जिद्द आहे हे मला आत्ता कळलं.

ज्योती : मग शिबिरातली सूचनाही तशीच देऊ या. काका, माझ्यामागून म्हणा. कृपया ध्यान द्या.

हिम्मतराव : कृपया ध्यान द्या.

ज्योती : तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं...

हिम्मतराव : तोंड... एका बाजूला वाकडं झालं, हात... उचलेना, बोलणं अडखळलं...

ज्योती : तर झोपून बरं वाटेल म्हणून थांबू नका. ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

हिम्मतराव : तर झोपून... झोप... झोप...

इंदुताई : बास, ज्योती. दमले ते. अहो, राहू द्या, कशाला परेशान होता?

हिम्मतराव : थांब. मी... म्हणालो. झोपतो. त्या दिवशी. हात जड... म्हणालो, सकाळी बघू.

ज्योती : काकू, हे मी सांगितलेलं नाही.

इंदुताई : स्टेशनवरचं पण नाही. बोलू दे त्यांना.

हिम्मतराव : इंदूनं... ऐकलं नाही. मी ओरडलो. तरी... ऑटोत घातलं. म्हणून... इथं बसलोय.

(इंदुताई चष्मा काढून पदरानं पुसतात.)

ज्योती : काका, रविवारी हेच सांगाल?

हिम्मतराव : हेच.

ज्योती : आणि मध्येच शब्द अडला तर?

हिम्मतराव : अडू दे. लोक... थांबतील.

इंदुताई : न थांबून जातात कुठं? दारात मी बसते. तू फक्त खुर्च्या जास्ती मागव.